मागच्या सीटचा पट्टा

गाडीचा मालक सात वाजता "निघालोच" म्हणाला होता. नऊ वाजून गेले तरी त्याचा पत्ता नव्हता. शटर अर्धं ओढून आम्ही तिघं गॅरेजमध्ये त्याची वाट बघत बसलो होतो. बॅटरीवाला, पेंटर आणि मी. मिस्त्री त्यांच्या नेहमीच्या जागी, एका जुन्या गाडीतून काढलेल्या सीटवर. त्यातच लाइट गेली.

"याचं काम तर पाच मिनिटांचं आहे," बॅटरीवाला वैतागून म्हणाला. "मागच्या सीटबेल्टचा आवाज बंद करून पाहिजे. वायर काढली की झालं. तोवर करून तरी टाकू या."

"नाही करायचं," मिस्त्री म्हणाले.

"का?"

"मी ते काम करत नाही."

"गिऱ्हाईक ओरडेल."

"ओरडू दे. आधी येऊ तर दे."

पेंटरनं मोबाइलचा टॉर्च उलटा करून डब्यावर ठेवला होता. उजेड वर छतावर आणि आम्ही खाली अंधारात. मिस्त्रींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि परत घातला.

"हा चष्मा ज्यानं करून दिला ना, त्याचं सांगतो," ते म्हणाले. "ऐकीव नाही. तू बसलायस ना, पेंटर, त्याच स्टुलावर बसून त्यानं मला सांगितलं. सांगताना गाडीकडे पाठ करून बसला होता. पटलं तर पटलं. नाही तर गिऱ्हाईक येईपर्यंत वेळ तरी जाईल."

पुढचं सगळं मिस्त्रींच्या तोंडचं. मी फक्त लिहून काढलं आहे.

*

मागच्या सप्टेंबरातला तिसरा शनिवार. चष्मेवाला आणि त्याची बायको दुपारी टोमॅटो आणायला निघाले. ती घरी टोमॅटोचा सॉस करून बाटल्या भरते आणि ओळखीच्या दुकानांत ठेवते. तिला बाजारातला टोमॅटो चालत नाही. पिकून फुटायला आलेला लागतो, आणि तसा शहराबाहेरच्या एका शेतावर मिळतो. पाऊण तासाचा रस्ता. महिन्यातून एकदा दोघांचं तेवढंच काय ते बाहेर पडणं. बायको त्याला सहल म्हणते. तो हमाली म्हणतो.

आधी ती एका ऑफिसात होती. नोकरी सुटली ती सासूमुळे. म्हातारी त्याआधीच्या हिवाळ्यात घरात एकटी असताना खुर्चीतून उठली आणि पडली. मांडीचं हाड मोडलं. दोघंही कामावर. संध्याकाळी चष्मेवाला दार उघडून आत आला, तर ही फरशीवर टेबलाचा पाय धरून पडलेली. ओठ निळे पडलेले. त्याला बघून म्हणाली, "आलास? चहा ठेवू?"

ऑपरेशन झालं, पण पायात जोर काही आला नाही. खुर्चीत बसवली की बसते. खुर्चीतून पलंगावर न्यायला मात्र धडधाकट माणूस लागतं. आणि स्वभाव असा, की खोलीत कुणी नाही असं दिसलं रे दिसलं, की ही उठायला बघते. "मला काय धाड भरलीय? पाणीच तर घ्यायचंय." डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, आता पडली तर पुन्हा उभी करायची आशा सोडा. तेव्हापासून तिला घडीभरही एकटी सोडायची नाही, हे घरात ठरलेलं.

त्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधल्या काकू तिच्याजवळ बसल्या होत्या. काकू इस्पितळात रात्रपाळीला आया आहेत. साडेआठला त्यांना निघावंच लागतं.

"साडेआठ म्हणजे साडेआठ हं," त्या दारात म्हणाल्या. "माझ्या जागी दुसरं कुणी नाही तिकडे."

"आठच्या आत घरात असतो, काकू," चष्मेवाला म्हणाला.

आणि खरंच असता. पण सकाळपासून त्या माणसाचं काही म्हणता काही धड होत नव्हतं. दुकानातून निघताना एका बाईंनी चष्मा नाकावर बसत नाही म्हणून अर्धा तास घेतला. घरी जेवताना बायकोशी वाजलं. गाडीत पेट्रोल नव्हतं, पंपावर रांग. शेतावर पोचले तर शेडमधला वजनकाटा बंद. शेतवाली, म्हणजे गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालणारी मालकीण, त्या काट्याला थपडा मारत होती आणि काटा दर थपडेला वेगळा आकडा दाखवत होता. यांच्या पुढे एक साहेब. ते मुलीसाठी स्थळ बघावं तसा एकेक बटाटा फिरवून बघत होते.

"अहो, बटाटेच आहेत ते," चष्मेवाला म्हणाला.

"घाई आहे का तुम्हाला?" साहेब म्हणाले.

"हो."

"मग शनिवारी यायचं कशाला?"

बायकोनं त्याचा हात दाबला म्हणून तिथं निभावलं.

आता त्या शेताची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. टोमॅटो तोडायला आसपासच्या वस्त्यांमधून बायका येतात. दिवसभर पानांत हात घालून त्यांचे तळवे हिरवे काळे पडलेले असतात. त्यांची सुट्टी अंधार पडताना होते. बस मिळते ती तिठ्यावर, आणि तिठा शेतापासून चांगलाच लांब. म्हणून उशिरा निघणाऱ्या गिऱ्हाइकांच्या गाडीत जागा असेल, तर एखादी बाई बसवून द्यायची आणि तिठ्यावर उतरवायची. कुठं पाटी लावलेली नाही. शेतवाली फक्त विचारते, "मागची सीट रिकामी आहे ना?" आता सीट डोळ्यांना दिसत असते. नाही कसं म्हणणार?

चष्मेवाल्यानं आधी दोनतीनदा नेल्या होत्या बायका. पण मागच्या खेपेला बस आलीच नाही, आणि त्याची बायको म्हणाली, हिला अंधारात एकटी टाकून कसं जायचं. तिथंच तासभर गेला. ते त्याच्या डोक्यात होतं. म्हणून या वेळी त्यानं काय केलं, टोमॅटोचे चार क्रेट डिकीत ठेवलेच नाहीत. मागच्या सीटवर ठेवले, या दारापासून त्या दारापर्यंत.

"डिकी रिकामी आहे की," बायको म्हणाली.

"राहू दे."

"सीटला डाग पडतील."

"पडू देत. पावणेआठ झालेत. आता कुणाची वरात न्यायला वेळ नाही मला."

ती समजली. तिलाही घर दिसत होतंच ना डोळ्यांसमोर.

गाडी फाटकाशी आली तेव्हा बाहेर पूर्ण अंधार झाला होता. फाटकाशेजारी एक म्हातारी उभी होती. डोक्याला रुमाल, काखेत बोचकं. तिनं हात केला नाही की काही नाही. नुसती उभी. चष्मेवाल्यानं काच अर्धी खाली केली आणि अंगठ्यानं मागं दाखवलं.

"जागा नाही, बाई. बघा, भरलीय."

ती वाकली. मागच्या काचेतून बराच वेळ आत बघत राहिली. मग म्हणाली,

"मावेन की मी."

असं म्हणाली, जसं एखादं माणूस आपलीच समजूत घालतं. चष्मेवाल्यानं काच वर केली आणि गाडी काढली.

बायको मान वळवून फाटकाकडे बघत राहिली. तो म्हणाला, "आता तोंड का पाडलंस? घरी आई आहे माझी."

"मी काही बोलले का?"

"बोलली नाहीस, तेच."

आणि तेवढ्यात तो आवाज सुरू झाला.

टुंग... टुंग... टुंग...

डॅशबोर्डवर लाल दिवा. मागच्या सीटवर माणूस आहे, पट्टा लावलेला नाही. आता यात नवल काही नाही. सीटवर वजन ठेवलं की गाडीला वाटतं माणूस बसलं. मशीनच ते, त्याला काय कळतंय. चष्मेवाला म्हणाला, थांबेल आपोआप. नाही थांबला. वाढला. त्यानं चिडून गाडी बाजूला घेतली, मागं गेला, क्रेटवरून पट्टा ओढला आणि खाचेत बसवला. आवाज बंद.

हाकेच्या अंतरावर गेले असतील. मागं खट्ट झालं.

टुंग... टुंग...

"नीट नाही लावलास," बायको म्हणाली.

"लावला होता."

"मग सुटला कसा?"

"तो मला सांगून सुटला का?"

पुन्हा उतरला. पुन्हा लावला, जोर देऊन, हलवून बघितला. पुन्हा थोडं पुढं, आणि पुन्हा खट्ट.

काय म्हणतोस, बॅटरीवाल्या? वायर ओढून काढायची? अरे, तो चष्मेवाला आहे. त्याला नाकावर काच बसवता येते, तेवढंच. ऐक.

तिसऱ्यांदा तो उतरला तेव्हा त्यानं शिव्या घालत एकेक क्रेट उचलला आणि डिकीत टाकला. चारही. त्यातला एक हातातून निसटला, टोमॅटो रस्ताभर झाले. बायको उतरली. दोघं हेडलाइटच्या उजेडात ओणवे होऊन टोमॅटो गोळा करतायत आणि भांडतायत. ती म्हणतेय, आधीच डिकीत ठेवायला सांगत होते. तो म्हणतोय, तूच तुझ्या सॉसपायी रानोमाळ फिरवतेस. ती म्हणाली, माझा सॉस नसता तर तुझ्या आईची औषधं कुठून आली असती? मग दोघांनी उरलेले टोमॅटो भराभर क्रेटमध्ये टाकले.

सीट आता रिकामी होती. त्यानं हातानं झाडली, पुसली. गाडीत बसला, गाडी सुरू केली.

टुंग... टुंग... टुंग...

"बिघडला असेल," बायको म्हणाली. "सोमवारी दाखव. आता चल फक्त."

तिनं रेडिओ मोठा केला. गाणं आणि त्याच्या आत तो आवाज. थोड्या वेळानं तिनं रेडिओ बंद केला, कारण गाण्याचा ठेका आणि त्या आवाजाचा ठेका एक व्हायला लागला होता.

समोर तिठा आला. एक दिव्याचा खांब, एक बाक, वर पत्रा. तिथं आवाज एकदम घाईला आला. टुंगटुंगटुंगटुंग. जसं कुणी उतरायचं म्हणून मागून खांद्याला बोट लावतंय. चष्मेवाल्यानं दात आवळले आणि डावीकडे वळून निघून गेला. आवाज पुन्हा सावकाश झाला.

तिठ्यापासून सरळ रस्ता. पुढं पूल, मग मोठा रस्ता, मग शहर. दर महिन्याचा रस्ता आहे तो. पूल यायला हवा होता. आला नाही.

आला तो दिव्याचा खांब. बाक. पत्रा.

"वळण चुकलास," बायको म्हणाली.

"इथं वळणच नाही चुकायला."

"मग हा तिठा कसा आला?"

"मला काय विचारतेस? तुझ्यासमोर चालवतोय ना."

ती मोबाइल काढून रस्ता बघायला लागली. नकाशावर यांची गाडी म्हणजे एक निळा ठिपका. तो रस्त्यावर नव्हता. रस्त्यापासून बाजूला, नुसत्या कोऱ्या जागेत होता, आणि हलत नव्हता. यांची गाडी साठच्या वेगात होती.

ती काकूंना फोन लावायला लागली. लागेना. पुन्हा. लागेना.

पुन्हा खांब. बाक. पत्रा.

चष्मेवाल्याला तेव्हा भीती वाटत नव्हती, हे त्यानं मला मुद्दाम सांगितलं. म्हणाला, मिस्त्री, मला नुसता संताप आला होता. रस्त्याचा, त्या आवाजाचा, बटाटेवाल्या साहेबाचा, बायकोचा. आईचासुद्धा. वाटलं, एक दिवस हिच्या पायात जोर असता तर काय बिघडलं असतं? असं आलं मनात, आणि मग त्याचाही राग आला.

तेवढ्यात बायकोच्या मोबाइलवर मेसेज आला. काकूंचा. बराच आधी पाठवलेला, आता पोचला. तिनं मोठ्यानं वाचला. "मी निघाले. थांबता येत नाही. आईंना खुर्चीत बसवलंय. टीव्ही लावलाय. त्या उठते म्हणतायत, मी नको म्हटलंय. लवकर या."

वाचून झालं.

मग चष्मेवाल्याच्या लक्षात आलं, की आवाज बंद झाला आहे.

लाल दिवाही नाही. त्याला जरा बरं वाटलं. सहज म्हणून त्यानं आरशात पाहिलं.

मागचा पट्टा लागलेला होता.

त्यानं लावला नव्हता. क्रेट काढताना तो वर जाऊन गुंडाळलेला त्यानं पाहिला होता. आता तो खांद्याच्या उंचीवरून खाली तिरका आला होता. खाचेत बसला होता. आणि सीटला टेकलेला नव्हता. मध्ये जागा सोडून, ताणलेला. एखाद्याच्या अंगावरून यावा तसा. पोटाशी फुगीर.

खाली सीट दबलेली.

पट्टा हलत होता. थोडा वर. थोडा खाली. थोडा वर...

बायकोनं त्याचं तोंड पाहिलं. ती मागं वळायला लागली.

"बघू नको," तो म्हणाला.

"काय आहे?"

"बघू नको."

ती समोर बघत राहिली. दोन्ही हात मांडीवर. गाडी चालली होती. बाहेर काही दिसत नव्हतं. मागून... काही नाही. आवाज नाही. वास नाही. फक्त गाडी जड झाल्यासारखी. चढ नसताना चढ चढावा तशी.

बऱ्याच वेळानं बायको हळूच म्हणाली, मागं न बघता,

"तिठ्यावर सोडू का?"

आरशात पट्टा वर गेला. खाली आला.

"तिठ्यावर... सोडतो आम्ही."

खांब आला. बाक. पत्रा.

चष्मेवाल्यानं गाडी थांबवली. उतरला. संताप अजून गेला नव्हता, म्हणाला. त्यानं मागचं दार उघडलं आणि धरून उभा राहिला, जसं आपण वयस्कर माणसासाठी धरतो. दिव्याचा उजेड सीटवर पडला होता. पट्टा तसाच. वर... खाली...

"उतरा," तो म्हणाला.

काही नाही.

"आला तिठा. उतरा ना."

काही नाही.

मग त्याचा बांध फुटला. तिथं, त्या रस्त्यावर, उघड्या दारात. एवढा मोठा माणूस रिकाम्या सीटपुढं हात जोडून रडायला लागला. "माझी आई घरी एकटी आहे हो. खुर्चीत बसवलेली आहे. तिला पलंगावर न्यायला कुणी नाही. ती उठेल... ती उठणार, मला माहितीय ती उठणार. पडली तर संपलं. मी काय करू? मी तुम्हाला जागा असून नाही म्हटलं. चुकलं माझं. पण मला जाऊ द्या."

शांत.

वाराही नाही.

मग... खट्ट.

पट्टा सुटला. एकदम नाही. कुणी हातात धरून सोडत नेल्यासारखा, हळूहळू वर गेला. सीट उचलली गेली. गाडी किंचित हलली, माणूस उतरल्यावर हलते तेवढीच.

तो दार धरून उभाच. कुणी गेलं का शेजारून, कळलं नाही. बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा.

"बस ना आत," बायको म्हणाली.

दार लावून तो बसला. आणि पुढं... सरळ रस्ता. पूल आला. मोठा रस्ता आला. सगळं जिथल्या तिथं. काय वेगानं गाडी हाणली त्यानं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. घराखाली पोचले तेव्हा साडेनऊ व्हायला आले होते.

दोघं जिने पळत चढले. दाराला लॅच होतं, काकूंनी बाहेरून ओढून घेतलेलं. आतून टीव्हीचा आवाज येत नव्हता. किल्ली लागेना. बायकोनं किल्ली हिसकावून घेतली आणि उघडलं.

खुर्ची रिकामी.

त्यानं आधी फरशीवर पाहिलं. टेबलाखाली. मग मोरीत. मग दोन खोल्यांमधल्या अरुंद बोळात. नाही. नाही. कुठंच नाही...

आतल्या खोलीतून आवाज आला.

"किती धावपळ चाललीय. खालच्या मजल्यावर लोक झोपलेत."

म्हातारी पलंगावर होती. पांघरूण गळ्यापर्यंत. उशी पाठीला लावलेली, तिला हवी असते तशी, जरा तिरकी. चपला पलंगाखाली एकाशेजारी एक. पाण्याचा पेला हाताला येईल असा.

चष्मेवाला दाराची चौकट धरून उभा राहिला.

"तू... उठलीस?"

"मी कशी उठेन? काही तरीच."

"मग इथं कोणी आणलं?"

"तुम्ही पाठवलेल्या बाईंनी."

"कोण बाई?"

"मला काय विचारतोस? ओळख तुझी. काकू गेल्यावर मी म्हटलं, आता उठावं. उठलेही अर्धी. पाय निसटला. तेवढ्यात त्यांनी धरलं बघ." म्हातारीनं पांघरूण सारखं केलं. "फार बोलल्या नाहीत. खुर्चीत किती वेळ बसायचं माणसानं, एवढंच म्हणाल्या. आणि मुलानं सांगितलं म्हणाल्या, आई एकटी आहे."

बायकोनं तोंडावर हात धरला.

"किती वेळ झाला?" त्यानं विचारलं.

"आत्ताच गेल्या. गाडी थांबलीय म्हणाल्या." म्हातारीनं त्याच्याकडे नीट बघितलं. "त्यांना सोडलंत ना नीट? अंधार किती आहे बाहेर."

त्यानं पलंगाखालच्या चपलांकडे पाहिलं.

"सोडलं, आई," बायको म्हणाली.

*

सोमवारी सकाळी मी शटर उघडायच्या आत तो बाहेर उभा होता. म्हणाला, मागच्या सीटचा पट्टा कापून टाका, सीट काढा, काहीही करा. मी सीट उचलून सेन्सर बघितला. ठणठणीत. वायर कुठं घासलेली नाही, पाणी गेलेलं नाही. पट्टा दहादा लावला, दहादा ओढला. सुटला नाही.

त्यानं रविवारी शेतवालीला फोनही केला होता. ती म्हणाली, शनिवारी काटा बंद म्हणून बायकांना लवकर सोडलं होतं. शेवटची बाई त्या बटाटेवाल्या साहेबांच्या गाडीतून गेली. फाटकाशी कुणी असायचं कारणच नव्हतं. वर त्यालाच विचारते, "तुम्ही कुणाला जागा नाही म्हणालात?"

मी त्याला समजावलं. म्हटलं, अरे, अंधारात रस्ता चुकला, डोकं तापलेलं, त्यात बायकोशी भांडण. डोळ्यांना काहीही दिसतं. आणि म्हातारीचं म्हणशील, तर ती स्वतःच धरत धरत पलंगापर्यंत गेली असेल. तुम्ही रागवाल म्हणून बाईचं नाव पुढं केलं. म्हातारी माणसं लबाड असतात.

"मीही तेच म्हणत होतो," तो म्हणाला. "रविवारी सकाळपर्यंत."

"मग?"

"आई कालपासून मागे लागलीय. पुढच्या महिन्यातही जाणार ना तुम्ही, म्हणते. जा, म्हणते, माझी काळजी नको, त्या बाई येतील."

एवढं बोलून त्यानं खांद्याची पिशवी उघडली. आतून म्हातारीचा गाऊन काढला, फिक्या रंगाचा, वापरून मऊ झालेला. रविवारी सकाळी बायको सासूचे कपडे बदलायला गेली, तेव्हा तिला दिसलं होतं. दोनदा साबणानं धुतला, म्हणाला, एकदा गरम पाण्यात भिजत घातला. त्यानं तो माझ्यासमोर गाडीच्या बॉनेटवर पसरला. पाठीची बाजू वर.

मी आधी वास घेतला. टोमॅटोचा नव्हता. टोमॅटोच्या पानाचा होता, तो उग्र, हिरवा, जो झाडाला हात लावल्याशिवाय येत नाही. त्या दोघांनी शनिवारी झाडाला हात लावलाच नव्हता. शेडमधून भरलेले क्रेट उचलले होते.

मग मी चष्मा पुसून नीट पाहिलं.

खांद्याच्या हाडांखाली दोन पंजे होते. हिरवे काळपट. डावा जरा वर, उजवा जरा खाली. दहाही बोटं पसरलेली, घट्ट दाबलेली... पडणारं माणूस समोरून मिठीत धरून उचललं, की पाठीवर उठतील तशी.